टाकीतलं मीठ

शेवटी ओढा लाल झालाच.

हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरून जा, कारण घरातल्या कोणाच्याही मते तसं काही घडलेलं नाही. आत्या म्हणते, संध्याकाळच्या उन्हात ओढा तसाच दिसतो. तेव्हा दुपार होती, हे तिला कोणी सांगायला जात नाही. थोरला म्हणतो, लाल नव्हता, गुलाबी होता, आणि गुलाबीला काही रंग म्हणता येत नाही. तेव्हा आपणही काहीच घडलं नाही असं धरू आणि सकाळपासून सुरुवात करू. सकाळी ओढा ओढ्यासारखा होता आणि मधला घाबरलेला होता.

मधला घाबरलेला असणं ही काही बातमी नव्हे. घरच्या डाइंगचा, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याचा, बॉयलर तोच चालवायचा, आणि तो घाबरट होता म्हणूनच आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला बॉयलरवर ठेवलं होतं. "न घाबरणारा ठेवला तर एकदाच चालवतो," असं आबांचं म्हणणं. त्यामुळे इतर लोक मेहनतीवर किंवा हुशारीवर पोट भरतात तसा मधला भीतीवर पोट भरत होता. तो वाफेला घाबरायचा, कुत्र्यांना घाबरायचा, फोन वाजला की घाबरायचा आणि वाजायचा थांबला की त्याहून जास्त घाबरायचा. पण ही सगळी भीती चिल्लर होती. त्या सकाळच्या भीतीला नाव होतं, आणि ते नाव नव्या टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. ते त्याच्या बायकोचं होतं.

सांडपाणी मंडळाचा नियमच तसा होता. रंगाचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथं ‘जबाबदार व्यक्ती’ असं लिहायचं आणि खाली नाव टाकायचं. मालक आबा होते, हिशेब थोरल्या मुलाकडे होता, धाकटा परगावी होता, आणि सगळ्यांना धाकात ठेवायचं खातं आबांच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे होतं. पण टाकीचा विषय निघाला तेव्हा तिघंही एकदम उदार झाले. "कल्पना तिची आहे, मान तिलाच मिळाला पाहिजे," थोरला म्हणाला आणि स्वतः ब्रश घेऊन बसला. अक्षर सुरेख आलं. माहेरच्या आडनावासकट आलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या घरात तिचं नाव कुठंतरी लिहिलं गेलं ते पहिल्यांदाच.

मंडळाचे साहेब मागच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी नियम समजावून सांगितला होता. पाण्याच्या परीक्षेच्या दिवशी पाइपातून रंगीत पाणी आलं तर डाइंगला सील, आणि जबाबदार व्यक्ती आत.

"आत म्हणजे?" आबांनी विचारलं होतं.

"आत," साहेब म्हणाले होते.

त्यांनी आणखी काही सांगितलं असतं तर मधला इतका घाबरला नसता.

टाकीची मूळ कल्पना तशी गोड होती. मधल्याची बायको रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून घरात तिला सगळे ‘लॅब’ म्हणत. आबा तेवढे ‘सूनबाई’ म्हणत, पण काळजीच्या सुरात. महिन्याभरापूर्वी तिनं स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवून प्रयोग दाखवला होता. काचेच्या बरणीत डाइंगचं वापरून झालेलं लाल पाणी. त्यात तिनं चमचाभर दाट, मधासारखं काहीतरी ओतलं.

"साबण आहे," आत्या म्हणाली.

"साबण नाही, आत्याबाई. सर्फॅक्टंट. साबणाचा चुलतभाऊ समजा. साखर आणि तेलापासून केलेला."

"म्हणजे साबणच. नातं लांबचं."

मग तिनं बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. थोडा वेळ काही झालं नाही. मग एकाएकी अख्खी बरणी दुधाळ झाली, जणू आतून कोणी काचेवर श्वास सोडला. आत्या खुर्चीसकट मागे सरकली. ते गढूळ हळूहळू खाली बसायला लागलं आणि जाता जाता सगळा लाल रंग गोळा करून घेऊन गेलं. शेवटी तळाला अंगठ्याएवढा काळपट लाल थर उरला आणि वर पाणी. नुसतं पाणी. पलीकडे बसलेला थोरला त्यातून उलटा दिसत होता.

"रंगाला पाण्यापेक्षा याच्या पोटात राहायला आवडतं," ती म्हणाली. "गरम केलं की हे पाण्यातून वेगळं होतं आणि रंगाला बरोबर नेतं. पाण्यात आधीच मीठ आहे म्हणून कमी उष्णतेत जमतं, नाहीतर आपला बॉयलर पुरला नसता. मीठ जास्त झालं तर मात्र—"

"बरणी धुऊन परत मिळेल ना?" आत्यानं विचारलं.

"आणि थोडं सांडलंच बाहेर," आबा म्हणाले, "तर हे तुझं चुलतभाऊ प्रकरण ओढ्यात साठणार नाही?"

"नाही आबा. जिवाणू खातात त्याला. काही दिवसांत कुजून जातं, मागे काही राहत नाही."

या घरात कुठलीही गोष्ट आपोआप कुजून नाहीशी झाल्याचा दाखला नव्हता. भांडणं तर अजिबातच नाही. आबांच्या चुलत्यानं एका लग्नात केलेला अपमान अजून कालच झाल्यासारखा ताजा होता. त्यामुळे मागे काही न ठेवता जाणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवावा की नाही, यावर प्रत्येकानं मनातल्या मनात विचार केला. आणि तिच्या बोलण्यातला एकच शब्द प्रत्येकानं बरोबर नेला. मीठ.

त्याला कारण होतं. आबांच्या आजोबांपासून या डाइंगमध्ये एक रीत होती. रंग तापला की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं आपल्या हातानं त्यात मूठभर मीठ टाकायचं. मिठानं रंग सुतात बसतो हे खरंच, पण मूठ प्रत्येकाची कशाला? तर उद्या रंग उतरला तर एकमेकांकडे बोट दाखवता येऊ नये. पुढे हंडे गेले आणि मशिनं आली, तेव्हा आबांनी मुठीची गोणी केली. नव्या टाकीच्या बाबतीत मात्र लॅबनं आधीच सांगून ठेवलं होतं. "यात कोणीही मीठ टाकायचं नाही. मी मोजून बघितलंय, पाण्यात आहे तेवढं पुरेसं आहे."

सगळे हो म्हणाले. हो म्हणण्यात या घराचा हात कोणी धरणार नाही.

परीक्षेच्या सकाळी मधला बॉयलर पेटवायला गेला, तेव्हा टाकी लाल पाण्यानं भरलेली होती. बायकोनं फिकट पिवळा मागितला होता. आबा म्हणाले, परीक्षा द्यायची तर लाल रंगावर, पिवळ्यावर पास व्हायला आपण काय भित्रे आहोत? मधल्याला ‘हो, मी आहे’ असं म्हणायचं होतं. पण प्रश्न त्याला विचारलेला नव्हता.

टाकी उंच होती, वरून उघडी, खाली नरसाळ्यासारखी निमुळती. पंपानं मधोमध पाणी यायचं, वाफेच्या नळीनं तापायचं. रंग खाली बसायचा आणि तळाच्या कॉकमधून काढून घ्यायचा. वरच्या काठावरून स्वच्छ पाणी आपसूक पाइपात सांडायचं आणि ओढ्याला जाऊन मिळायचं. त्या पाइपाला कॉक नव्हता. लावायचाच कशाला? वरून स्वच्छ पाण्याशिवाय दुसरं काही येऊच शकत नव्हतं.

मधला शिडीखाली उभा राहून ती अक्षरं वाचत होता. जबाबदार व्यक्ती. एरवी तो टाकीला घाबरला असता, पण आज टाकी तिची होती. म्हणजे टाकीला काही होता कामा नये. म्हणजे टाकीला मदत केली पाहिजे. आणि या घरात तापत्या पाण्याला मदत करायची एकच पद्धत त्याला माहीत होती.

तो गोदामात गेला, एक गोणी खांद्यावर घेतली, शिडी चढला आणि रिकामी केली. मीठ आवाज न करता खाली गेलं. त्याला इतकं हलकं वाटलं की शिडी उतरताना त्यानं शिट्टी वाजवली, आणि त्या शिट्टीला स्वतःच दचकला.

गोणी परत ठेवायला तो गोदामात गेला आणि थबकला. ढीग खाली गेला होता. एका गोणीनं जितका जावा त्यापेक्षा बराच खाली. आधी त्याला उंदीर आठवले. मग उंदीर मीठ खात नाहीत हे आठवलं. मग ते दुसरं कारण त्याच्या डोक्याच्या दारात येऊन उभं राहिलं, आणि त्यानं दार लावून घेतलं.

अंगणात आत्या भेटली. आत्या डाइंगच्या बाजूला कधी फिरकत नसे. तिच्या पदराच्या टोकाला काहीतरी पांढरं चिकटलं होतं.

"तू इकडं?" मधल्यानं विचारलं.

"का? वाफ बघायला येऊ नये का माणसानं?"

"वाफ अजून झालेली नाही, आत्या."

"मग ती होते की नाही ते बघायला आले. तू काय करतोयस?"

"मीही तेच."

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं आणि दोघांनीही हात मागे घेतले. तेवढ्यात थोरला समोरून गेला. त्याच्या बुटाखाली काहीतरी करकरत होतं. त्यानं ‘गुड मॉर्निंग’ केलं. थोरला घरात कोणालाही गुड मॉर्निंग करत नसे. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर सांगावंही लागलं असतं.

बॉयलरजवळ बायको भेटली. चारचौघांत ती त्याला ‘अहो’ म्हणायची, एकटे असले की ‘अरे’.

"अरे, तुझे हात पांढरे कसे?"

"चुना."

"चुना कुठून आला?"

"भिंतीला टेकलो."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. रात्रभर जागलेली दिसत होती. तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जसं परीक्षेला तोच बसणार होता. "एकच सांग. पाण्याला कोणी हात लावला नाही ना?"

"नाही," मधला म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडातून इतका सहज निघाला की त्याला त्याचीच भीती वाटली.

"मग झालं तर," ती म्हणाली. "या घरात तू एकटाच आहेस जो मला विचारल्याशिवाय काही करत नाहीस."

दुपारी साहेब आले ते जीपनं, बरोबर एक कारकून आणि काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन. मागोमाग खालच्या वस्तीतली लॉन्ड्रीवाली आली. तिच्याकडे हॉटेलांच्या चादरी धुवायला यायच्या आणि गेल्या वर्षी एकदा गुलाबी होऊन परत गेल्या होत्या. तिच्यामागे वस्तीतले आणखी लोक ओढ्याच्या काठावर उभे राहिले. ते बोलत नव्हते. ओरडले असते तर मधल्याला बरं वाटलं असतं. नुसती उभी राहणारी माणसं काय करतील, याचा अंदाज येत नाही.

"बाई," साहेब लॅबला म्हणाले, "दाखवा तुमचा प्रयोग."

"टाकी तापून तास उलटून गेलाय. मी तळाचा थर तपासते, मग पंप सुरू करू," ती म्हणाली आणि टाकीमागे गेली. तळाशी एक जाड काचेची खिडकी होती. तिथून खाली बसलेला रंग दिसायला हवा होता, शाईसारखा काळा.

मधला बॉयलरपाशी उभा राहून तिच्या पाठीकडे बघत होता. ती वाकली. खिडकीवर हात फिरवला. पुन्हा वाकली. मग तिनं कपाळ काचेला टेकवलं, जणू आतल्या कोणाशी बोलायचं होतं. तळाशी काहीच नव्हतं. नितळ, रिकामं, बरणीतल्यासारखं पाणी.

"अहो," तिनं हाक मारली. आवाज अगदी साधा होता. "रंग कुठं गेला?"

ती शिडीकडे धावली. चढताना तिची चप्पल पडली. वर पोचून तिनं आत डोकावलं आणि तशीच राहिली. तिला काय दिसतंय हे मधल्याला खालूनच कळलं, कारण काठाशी वाफेबरोबर एक गोडसर, जड वास यायला लागला होता. रंग खाली नव्हता. वर होता. खारट पाणी इतकं जड झालं होतं की रंगाला पोटात घेऊन बसलेला तो थर बुडायचं सोडून तरंगला होता. काळपट लाल, जाड, सायीसारखा, पाइपाच्या तोंडापासून वितीवर.

"पंप लावू नका!" ती ओरडली. "आबा, पंप!"

आबा पंपाशी होते. बॉयलरच्या आवाजात त्यांना ‘पंप’ एवढंच कळलं, आणि त्यांनी बटण दाबलं.

मधला पळाला. आयुष्यात पहिल्यांदा तो कशापासून न पळता कशाच्या तरी दिशेनं पळत होता. अंगण ओलं होतं, पाय घसरला, गुडघा फुटला, तो उठला, आबांना बाजूला ढकललं आणि बटण बंद केलं. पंप गुरगुरून थांबला. मधला भिंतीला टेकून धापा टाकत राहिला. थांबलं. वेळेवर थांबलं.

ओढ्याच्या काठावर थोरला साहेबांशेजारी उभा होता. पाइपाच्या तोंडाशी पाण्याची एक धार आली आणि आटली. साहेबांनी बाटली पुढे केली होती, ती तशीच राहिली. पाहुण्यांसमोर काही बंद पडलं तर थोरल्याला सहन होत नसे. त्याच्याजवळच पंपाचा दुसरा स्विच होता.

"लाइट गेली असेल, साहेब," तो हसून म्हणाला. "आत्ता येईल बघा."

आणि त्यानं स्विच दाबला.

पुढे जे झालं ते झालंच नाही हे आपण ठरवलेलं आहे, म्हणून थोडक्यात. पाइप एकदा खोकला. मग त्यातून जे आलं ते पाणी नव्हतंच, जिभेसारखी जाड लाल धार होती. ती साहेबांच्या बाटलीत गेली, त्यांच्या बाहीवर गेली आणि ओढ्यात उतरली. क्षणभर ती एका रेषेत राहिली. मग पसरली. काठावरची माणसं एक पाऊल मागे सरकली, सगळी एकदम. लॉन्ड्रीवालीनं फोन काढला आणि लॉन्ड्रीत ओढ्याचं पाणी खेचणाऱ्या पोराला ओरडून सांगितलं, "मोटर बंद कर! आधी मोटर बंद कर, मग विचार!"

मधल्यानं पुन्हा पंप बंद केला तोवर टाकीच्या वरच्या थरातलं निम्मं गेलं होतं.

लॅब शिडीवरून उतरली. एक पाय अनवाणी. ती आधी साहेबांकडे गेली नाही, वस्तीकडे गेली. "पाणी भरू नका. जनावरांनाही देऊ नका. खालच्या बंधाऱ्याची फळी टाका, जेवढं अडेल तेवढं अडवा. पळा." दोघं-तिघं पळाले. मग ती घराकडे वळली.

"मीठ कोणी टाकलं?"

"साहेब," थोरला पुढे झाला, "मला विचाराल तर पद्धतच नवीन आहे. शिकलेल्या माणसाच्या हातून व्हायचंच. आम्ही आधीच म्हणत होतो की—"

"काय म्हणत होतास?" आबांनी विचारलं.

"चुना आणि तुरटी बरी म्हणत होतो."

"तूच तर नाव रंगवलंस."

"अक्षर चांगलं आहे म्हणून मला सांगितलं!"

"साबणानं पाणी स्वच्छ होतं असं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं," आत्या म्हणाली. तिनं कधी म्हणजे कधीच थोरल्याची बाजू घेतली नव्हती, पण आता ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आबाही हळूच त्या बाजूला सरकले. मधल्यानं पाहिलं: अंगणात एका बाजूला त्याचं सगळं घर, दुसऱ्या बाजूला एक चप्पल घातलेली त्याची बायको, आणि मध्ये तो. नेहमीप्रमाणे.

"मी टाकलं," तो म्हणाला.

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला चाललं असतं. राग आला नाही.

"एक गोणी," तो म्हणाला. "सकाळी. मदत म्हणून. तुला काही होऊ नये म्हणून."

"एका गोणीनं थर वर येत नाही," ती हळू म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"माझी छोटी होती," आत्या म्हणाली.

"मी अर्धीच टाकणार होतो," थोरला म्हणाला. "उरलेली अर्धी उघडी कुठं ठेवायची, म्हणून मग पूर्ण."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

"दोन," आबा म्हणाले. "मी मोठा आहे."

लॉन्ड्रीवाली हे सगळं ऐकत होती. "तुमची सून एकटी आली होती माझ्याकडे," ती आबांना म्हणाली. "चादरी बघायला. दिवसभर बसली, पाणी नेलं, स्वच्छ करून परत आणून दाखवलं. तुमच्यातलं दुसरं कोणी मी आज पहिल्यांदा बघतेय. आणि बघून पुरे झालं."

साहेबांनी लाल बाही वर केली. ते रागावलेले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "म्हणजे मीठ सगळ्यांनी टाकलं."

"हो," मधला घाईनं म्हणाला. "हिनं सोडून सगळ्यांनी. लिहून घ्या, साहेब."

"टाकीवर नाव कोणाचं आहे?"

अक्षरं फार मोठी आणि फार सुरेख होती.

"माझ्या कागदावर नावाला एकच ओळ आहे," साहेब म्हणाले. "बाई, चला. जबाब द्यावा लागेल. पुढचं वर ठरेल."

"कधी परत येईल ती?" मधल्यानं विचारलं.

"वर ठरेल," साहेब म्हणाले. वर बघायची मधल्याची हिंमत झाली नाही.

तिनं दुसरी चप्पल शोधून पायात घातली. जीपमध्ये चढण्याआधी ती त्याच्यापाशी थांबली. सगळे बघत होते, तरी ती ‘अरे’ म्हणाली. "अरे, बॉयलर बंद कर. टाकी हळूहळू थंड होऊ दे. थंड झालं की सगळं पुन्हा एकमेकांत मिसळेल, मग पाइपापर्यंत यायचं नाही. मीठ कमी करायला साधं पाणी लागेल, ते दुसऱ्या टाकीत. पंपाला कोणी हात लावायचा नाही. कोणी म्हणजे कोणी."

"माझ्याशी बोल ना," मधला म्हणाला.

"बोलतेच आहे," ती म्हणाली. "तू मला नाही म्हणालास, त्याबद्दल नंतर बोलू. नंतर असलं तर."

जीप गेली. धूळ बसली तरी मधला तिथंच उभा होता. मग तो गेला आणि त्यानं बॉयलर बंद केला, अगदी सांगितल्याप्रमाणे. त्याचा हात थरथरत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यालाच ते बरं वाटलं नाही. जे घडेल म्हणून हात थरथरायचा ते घडून गेलं होतं.

मागे राहिलेला कारकून फाटकाला सील लावत होता. मेण वितळेना, तेव्हा त्यानं आत्याकडे काडेपेटी मागितली, आणि आत्यानं दिली.

"म्हणून मी म्हणत होतो," थोरला म्हणाला, "वेळेवर वाटण्या केल्या असत्या तर आज ज्याचं त्याच्यावर राहिलं असतं."

"कोणावर राहिलं असतं?" मधल्यानं विचारलं.

थोरल्यानं विचार केला आणि उत्तर आवडलं नाही म्हणून दिलं नाही. आबा ओट्यावर बसले होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रंगानं निळसर पडलेली आपली नखं ते अशी बघत होते जशी ती दुसऱ्या कोणाची आहेत. "पोरीला जेवायला तरी देतील ना रे?" ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

"तुमचं काही म्हणणं असेल तर लेखी द्या," कारकून म्हणाला. "तोंडी आम्ही घेत नाही."

मधला ओट्यावर बसला. कारकुनानं कागद दिला, थोरल्यानं पेन दिलं, आणि आत्या म्हणाली, "माझं छोटी गोणी असं लिही." मधल्यानं एकदाही न थांबता लिहिलं:

"प्रति, माननीय साहेब, सांडपाणी मंडळ.

विषय: गुन्ह्याची वाटणी होऊन मिळणेबाबत.

महोदय, सदर टाकीत मीठ टाकणाऱ्या सर्व व्यक्ती एकाच कुटुंबातील असून एकत्र राहतात, एकत्र जेवतात, व एकमेकांस न सांगता एकाच सकाळी एकच चूक करतात. टाकीवर जिचे नाव आहे तिने मीठ टाकलेले नाही. घरात मीठ न टाकलेली मोठी व्यक्ती ती एकटीच आहे. तरी सदर गुन्हा एकट्या सुनेच्या नावे न ठेवता तो वडिलोपार्जित समजण्यात यावा, व कायद्याने पडतील तितके हिस्से पाडून आम्हां सर्वांस ताबा देण्यात यावा. आपल्या कागदावर नावासाठी एकच ओळ असल्यास ओळी वाढवून मिळाव्यात. आजवर या कुटुंबात कशाचीही वाटणी झालेली नाही, हीच पहिली असेल. वाटणीत थोरल्याचे मन राखण्याची पद्धत आहे हे अर्जदारास माहीत आहे, तथापि या एका प्रकरणी सर्वांत मोठा हिस्सा मधल्यास मंजूर व्हावा, व त्या बदल्यात त्याची पत्नी आज दिवस मावळण्याच्या आत, नेलेल्याच जीपने, घरी पोचती करावी, ही नम्र विनंती."